मोजणाऱ्या दीदी

समोर कोण उभं आहे हे न बघता दीदी आधी त्याच्या छातीकडे पाहायच्या, तोंडाकडे नंतर. खिशापाशी दोन बोटं नेऊन तिथला प्लास्टिकचा छोटा बिल्ला त्या हलकेच ओढून बघायच्या. तो जागेवर असला की "हं, बोल." नसला की "बिल्ला कुठी आहे?" आणि मग बिल्ला येईपर्यंत पुढचं बोलणं बंद. आमच्या विभागाचे मोठे डॉक्टरसाहेबसुद्धा त्यांच्या दारातून बिल्ला आणायला मागे फिरलेले मी पाहिलेत.

बिल्ला म्हणजे काय ते आधी सांगतो. एक्स-रे, सीटी स्कॅन किंवा कॅन्सरला किरण देणारं मशीन, यांच्याजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला तो लावावा लागतो. आत बारीक चकत्या असतात. अंगावर आलेले किरण त्या साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी सगळे बिल्ले प्रयोगशाळेत जातात, तिथे चकत्या तापवल्या की त्यांतून उजेड निघतो, आणि त्या उजेडावरून कळतं की या माणसाच्या अंगावर किती किरण पडले. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ते लागले तरी त्या क्षणी काही कळत नाही. त्यामुळे मोजण्यावाचून दुसरा मार्ग नाही, आणि आमच्या हॉस्पिटलात मोजण्याचं काम दीदींचं होतं.

त्या डॉक्टर नव्हत्या. भौतिकशास्त्रज्ञ होत्या. कॅन्सरच्या रुग्णाला द्यायचे किरण रोज सकाळी मशीनमधून बरोबर तेवढेच निघतात की नाही हे त्या तपासायच्या, आणि बाकी साऱ्या हॉस्पिटलात कुणाला नको तेवढे किरण लागू नयेत हे पाहायच्या. तळघरात, कॅन्सर विभागाच्या टोकाला त्यांची खोली होती. आता त्या खोलीत एक तरुण माणूस बसतो. चांगला आहे, हुशार आहे. दीदी निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षं होतील. साठी उलटल्यावर लोक तीर्थाला जातात, त्या बस्तरकडच्या एका नव्या हॉस्पिटलात मशीन बसवून द्यायला गेल्या आणि तिकडेच रमल्या. आमच्याकडे मात्र अजूनही कुणी बिल्ला विसरला की दुसरा कुणीतरी म्हणतो, दीदी असत्या तर.

मी सांगलीचा. रायपुरात सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ म्हणून नोकरीला आलो तेव्हा इथे मराठीत बोलायला कुणी मिळेल असं वाटलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दीदींनी रजिस्टरात माझं आडनाव वाचलं आणि विचारलं, "मराठी आहेस नं? मग काहून हिंदीत मरून राहिला?" त्यांचं घर तात्यापारा या शहरातल्या जुन्या वस्तीत, पिढ्यान्‌पिढ्यांचं. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात कुणी पूर्वज कारकून म्हणून इकडे आला आणि घराणं इथलंच झालं. त्यांचं 'मले', 'तुले' ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं, आणि माझं बोलणं ऐकून त्यांना. त्यांनी माझं नावच 'सांगली' ठेवलं. घरी भाचरं त्यांच्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायची, म्हणूनच की काय, माझ्याशी त्या दोन वाक्यं जास्त बोलायच्या.

त्यांचा एक प्रश्न साऱ्या हॉस्पिटलात प्रसिद्ध होता. "मोजलं का?" कुणी म्हणालं, या खोलीत किरण झिरपतात वाटतं, तर "मोजलं का?" कुणी म्हणालं, छे, इथे काही धोका नाही, तरी "मोजलं का?" भीती आणि बेफिकिरी या दोन्हींना त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. कँटीनचा आचारी आज मीठ बरोबर पडलंय म्हणाला, तर त्यालाही त्यांनी हेच विचारलं होतं.

हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडणारे एक नामांकित डॉक्टर आमच्याकडे होते. दिवसभर एक्स-रेच्या मशीनखाली हात घालून काम, आणि दर तीन महिन्यांनी त्यांच्या बिल्ल्याचा अहवाल शून्य. सगळे खूश, दीदी सोडून. त्या सरळ त्यांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या की सर, इतकं काम करून शून्य येत नाही, तुमचा बिल्ला कपाटात काम करून राहिला आहे. डॉक्टर भडकले. आकडा वाढला तर काम थांबवावं लागेल या भीतीने ते बिल्ला खरंच कपाटात ठेवत होते. दीदींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभ्या राहू लागल्या, रोज सकाळी, बिल्ला हातात घेऊन. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तो मुकाट्याने लावला. पुढचा अहवाल आला तो पाहून ते स्वतःच दीदींच्या खोलीत आले. मग दीदी त्यांच्या मागे दिवसभर उभ्या राहिल्या, कुठे उभं राहता, किरण अडवणारी शिशाची काच कुठे लटकवता, हे सगळं पाहिलं, त्यांची जागा हातभर सरकवली, काच खाली ओढली. त्यानंतरच्या अहवालात आकडा निम्म्याखाली आला आणि काम एक दिवसही थांबलं नाही. डॉक्टरांनी तो कागद आपल्या टेबलाच्या काचेखाली लावला.

आणि एक म्हातारी. किरणांचा उपचार चालू होता तिचा. ती घरी गेली की नातवाला जवळ घेईना, माझ्या अंगातून त्याच्या अंगात जाईल म्हणायची. दीदींनी मोजायचं यंत्र आणलं, तिच्या अंगाजवळ धरलं, मग रिकाम्या भिंतीजवळ धरलं आणि दोन्हीकडे काटा सारखाच आहे हे तिला दाखवलं. उपचाराचे किरण मशीन बंद झालं की संपतात, अंगात राहत नाहीत. म्हातारीने तीन वेळा यंत्र फिरवून घेतलं, तेव्हा तिची खात्री पटली. तुम्ही म्हणाल, हे तोंडाने सांगूनही झालं असतं. तोंडाने तिला सगळ्यांनीच सांगितलं होतं.

आता जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे. म्हणून ते जसं घडलं तसंच सांगतो.

एका दुपारी अपघात विभागातून एक बाई माझ्याकडे सीटीसाठी आली. रायपूरला लागून असलेल्या बीरगावची. नवरा तिथल्याच उरला औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात कामाला. त्याच्या मागे मोटारसायकलवर बसून जाताना ट्रकचा धक्का लागून पडली होती, पोटात जोराचा मार होता. आतून रक्त वाहतंय का ते तातडीने बघायचं होतं. स्कॅनआधी भरायच्या कागदावर एक प्रश्न असतो, बाई गरोदर आहे का. ती वेदनेने कळवळत होती. मी हिंदीत एकदा विचारलं, तिने मान हलवली, ती हो होती की नाही की नुसती दुखण्याने हलली, कोण जाणे. शेजारी दीर उभा होता. मी पुन्हा विचारलं नाही. 'नाही'वर खूण केली आणि मशीन चालू केलं.

प्लीहेला थोडी जखम होती. ऑपरेशन न करता बरी झाली, आठवड्याने घरी गेली. मी विसरूनही गेलो.

महिन्याभराने तिचा नवरा माझ्या खिडकीशी आला. त्या दिवशीच्या स्कॅनचा कागद पुन्हा हवा होता. कशाला, विचारलं, तर त्याने एक चिठ्ठी पुढे केली. त्याची बायको गरोदर होती. सोनोग्राफीत दिवस मोजले तर स्कॅनच्या वेळी साधारण सहा आठवडे झालेले. तिची पाळी नेहमीच मागेपुढे असायची, त्यामुळे तिलाही कळलं नव्हतं. बीरगावातल्या एका दवाखान्याने चिठ्ठीवर लिहिलं होतं की पोटाचं सीटी झालेलं आहे, बाळात व्यंग येईल, गर्भ काढून टाकावा. त्यासाठी ते आमच्याच हॉस्पिटलात आले होते आणि दोन दिवसांनंतरची वेळही ठरली होती. नवरा हे सगळं शांतपणे सांगत होता. जाता जाता म्हणाला, "नौ साल बाद रुका था, भैया." नऊ वर्षांनी दिवस राहिले होते.

मी खिडकी बंद केली आणि तळघरात गेलो. दीदींनी सवयीने माझ्या छातीकडे पाहिलं, बिल्ला जागेवर होता, "बोल" म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. कागदावरची खूणसुद्धा. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाळाले किती लागले, मोजलं का कोणी?"

नाही, म्हणालो.

"मग व्यंग येईल हे कोणी ठरवलं?"

त्या उठल्या आणि आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेल्या. मी मागे. मॅडम अनुभवी आणि रुग्णांची काळजी करणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं की मुलगी तरुण आहे, पुन्हा राहील, जोखीम कशाला घ्यायची. दीदी म्हणाल्या, जोखीम किती ते कळल्यावर घ्यायची की नाही ते ठरवू, मला दोन दिवस द्या. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि दोन दिवस दिले.

पहिल्यांदा त्यांनी त्या बाईला बोलावून घेतलं आणि शिंप्याचा टेप काढून तिच्या कमरेचा घेर मोजला. ती अंगाने अगदी किरकोळ होती. दीदींनी मला समजावलं: जाड माणसाच्या पोटात खोलवर किरण कमी पोचतात, बारीक माणसाच्या जास्त. मशीन जो आकडा छापतं तो ठरावीक आकाराच्या पोटाचा असतो. "मले त्या पोटाचा नाही, या पोटाचा पाहिजे."

आमच्याकडे चाचणीसाठी प्लास्टिकचे दोन गोल ठोकळे होते, एक डोक्याएवढा, एक चांगल्या धडधाकट माणसाच्या पोटाएवढा. हिचं पोट दोहोंच्या मधलं. दीदी टेप घेऊन हॉस्पिटलभर फिरल्या. बादल्या मोजल्या, औषधांचे डबे मोजले. शेवटी कँटीनमध्ये आंब्याच्या लोणच्याची एक प्लास्टिकची बरणी त्या घेराला बरोबर निघाली. आचारी द्यायला तयार नव्हता. दीदींनी लोणचं दुसऱ्या भांड्यात स्वतः काढून दिलं, बरणी दोनदा धुतली, तरी संध्याकाळी सीटीची खोली मोहरीच्या वासाने भरून गेली.

बाहेरचे रुग्ण संपल्यावर आम्ही बरणी पाण्याने भरून मशीनवर ठेवली. मधोमध, जिथे बाळ असणार तिथे, पेन्सिलीसारखं मोजायचं उपकरण एका बंद नळीतून सोडलं. दीदींनी विचारलं, त्या दिवशी पोटावरून किती वेळा स्कॅन फिरवला होतास. तीन, मी म्हणालो. रक्तात औषध सोडण्याआधी एकदा आणि नंतर दोनदा. त्यांनी संगणकावर त्या दिवशीची चित्रं उघडली आणि एकेक मोजू लागल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"चार आहेत, सांगली."

मला आठवलं. दुसऱ्या वेळी ती वेदनेने हलली होती, चित्र पुसट आलं होतं, म्हणून मी ते परत घेतलं होतं. म्हणजे बाळाला माझ्या हातून आणखी एक घाव. दीदींनी वहीत तिनाचे चार केले आणि म्हणाल्या, "चालव."

त्या दिवशीच्याच बटणांवर मी मशीन चालवलं. एकदा, मग पुन्हा. दीदी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत आणि वहीत लिहीत. सगळं झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं, कारण दोनदा तेच आलं तर खरं. मग त्या तळघरात गेल्या आणि हिशेब करत बसल्या. मी समोर. एवढा वेळ कुणाच्या पेनाच्या टोकाकडे मी परीक्षेतही पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी एक रेघ ओढली, खाली आकडा लिहिला आणि वही माझ्याकडे फिरवली. गर्भाला इजा होऊ लागते असं ज्या मापापासून जगभर धरतात, त्याच्या निम्म्याच्याही आत होता तो. चारही फेऱ्या धरून.

"आता उद्या रडशील तर चालन," त्या म्हणाल्या. "आज एक काम बाकी आहे."

ते काम माझं होतं. झालेली चूक मी स्वतःच्या हाताने लिहून द्यायची होती: विचारलं एकदाच, उत्तर कळलं नाही, 'नाही'वर खूण केली, एक फेरी जास्त घेतली. मी म्हणालो, नोकरी जाईल. त्या म्हणाल्या, कदाचित जाईल, पण हे लपलं तर उद्या दुसरीच्या बाबतीत हेच होईल. मी लिहीत होतो तोवर त्या शेजारी बसून होत्या. एका जागी मी 'अनवधानाने' असा शब्द टाकला होता, तो त्यांनी खोडायला लावला. मला मेमो मिळाला, पगारवाढ वर्षभर थांबली, नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी दीदींच्या छोट्या खोलीत आम्ही सहाजण होतो: ती बाई, तिचा नवरा, सासू, स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम, दीदी आणि मी. बोलत होती ती सासू. वाकडंतिकडं मूल झालं तर जन्मभर कोण सांभाळणार, असं तिचं म्हणणं, आणि त्यात रागापेक्षा भीतीच जास्त होती. नऊ वर्षं वाट तिनेही पाहिली होती.

दीदींनी तिला आकडा सांगितला नाही. त्यांनी विचारलं, घरी धान कशाने मोजता. काठ्याने, ती म्हणाली. काठा म्हणजे इकडचं धान मोजायचं लाकडी माप, आपल्याकडच्या पायलीसारखं. दीदी तिच्याशी छत्तीसगढीत बोलत होत्या. समजा काठा पुरता भरला की बाळाला इजा व्हायला लागते, त्या म्हणाल्या. तुमच्या सुनेच्या काठ्यात अर्ध्याहूनही कमी पडलंय. आणि मी हे अंदाजाने सांगत नाही, तिच्या पोटाच्या मापाची बरणी घेऊन मोजलं आहे. मग त्यांनी काल संध्याकाळचं सगळं सांगितलं, लोणच्यासकट. सासू पहिल्यांदाच थोडी हसली.

नवऱ्याने विचारलं, म्हणजे काहीच धोका नाही ना.

मला वाटलं, आता दीदी नाही म्हणतील आणि सुटतील. त्या म्हणाल्या, "काहीच नाही असं मी म्हणणार नाही." हे मात्र त्यांच्या तोंडून मराठीत निघालं, आणि मग त्यांनी ते हिंदीत सांगितलं. कुठल्याही बाळंतपणात थोडा धोका असतोच. या किरणांमुळे पुढे लहानपणी आजार होण्याची शक्यता जराशी वाढते, इतकी कमी की ती वेगळी ओळखूही येणार नाही. पण शून्य नाही. व्यंगाच्या भीतीने गर्भ काढायला मात्र या मापात काही आधार नाही.

मॅडमनी विचारलं, "कल कुछ हुआ तो जवाब कौन देगा?"

दीदींनी वही पुढे ओढली, कागद घेतला, मोजलेलं सगळं आणि त्याचा अर्थ लिहिला, खाली सही केली आणि तो मॅडमच्या हाती दिला. मॅडमनी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा लावला होता.

मग दीदी त्या बाईकडे वळल्या. एवढ्या वेळात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, मीही नाही, आणि त्या दिवशी विचारलं होतं तेही नीट उत्तर न घेता. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तोला का चाही, नोनी?" दीदींनी विचारलं. तुला काय हवंय, पोरी?

तिने सासूकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. "राखहूँ," ती म्हणाली. ठेवीन. आणि मग एवढी रडली की सासूनेच तिला जवळ घेतलं. मॅडमनी दुसऱ्या दिवशीची वेळ रजिस्टरातून खोडली आणि तिथेच गरोदरपणाच्या तपासणीची तारीख लिहिली.

पुढचे सहा-सात महिने मी कसे काढले ते सांगत बसत नाही. पाचव्या महिन्यातल्या मोठ्या सोनोग्राफीला दीदी दारात उभ्या होत्या. एकेक अवयव बघून डॉक्टर 'ठीक' म्हणत होते आणि दीदी प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. दरम्यान त्यांनी सीटीच्या खोलीचा नियम बदलून घेतला. मूल होण्याच्या वयाची कुठलीही बाई आली, की जीव वाचवायची घाई नसेल तर आधी लघवीची तपासणी, आणि प्रश्न विचारायचा तो नातेवाइकांना बाहेर काढून, तिच्या भाषेत. माझ्याकडून त्यांनी त्या प्रश्नाचं छत्तीसगढी वाक्य घोटून घेतलं. माझ्या तोंडी ते सांगलीचंच वाटायचं, पण बायका उत्तर द्यायच्या.

मुलगी झाली. दुपारी दोनच्या सुमाराला, आमच्याच हॉस्पिटलात. बाळाच्या डॉक्टरांनी डोक्यापासून टाचेपर्यंत तपासलं, हृदय ऐकलं, हातापायांची बोटं मोजली. सगळं जिथल्या तिथे आणि रडणं तर वॉर्डाच्या टोकापर्यंत. मी तळघरात फोन केला. दीदींनी वजन विचारलं. मग डोक्याचा घेर विचारला. मी दोन्ही सांगितले. पलीकडून फोन बंद झाला. पंधरा मिनिटांनी त्या वर आल्या तेव्हा तोंड धुऊन आल्या होत्या, केसांच्या कडा ओल्या होत्या. त्यांनी बाळाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ, आणि म्हणाल्या, "पोट्टी जोरदार आहे."

त्यानंतर एक गंमत झाली. डॉक्टरांच्या पुढच्याच बैठकीत स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी दीदींना बोलायला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की मी चुकले असते. बैठकीतल्या डॉक्टरांनी बाहेर आपल्या ओळखीत सांगितलं. गावोगावच्या दवाखान्यांतून चिठ्ठ्या येऊ लागल्या: हिचा एक्स-रे झालाय, हिचं सीटी झालंय, नंतर कळलं की दिवस गेलेत, दीदींनी बघून सांगावं. तळघरातल्या त्या खोलीबाहेर एक बाक टाकावा लागला. बाकावर घाबरलेल्या जोडप्यांची रांग, आणि आत दीदी प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारताहेत, मोजलं का? सगळ्यांनाच चांगली बातमी मिळाली असं नाही. पण मोजल्याशिवाय त्या बाकावरून कुणी परत गेलं नाही. आणि पहिली चिठ्ठी ज्या दवाखान्यातून आली होती, त्या बीरगावच्या डॉक्टरने स्वतः येऊन हिशेब समजून घेतला. दीदींनी त्याला चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत एक शब्दही टोचून बोलल्या नाहीत. संपल्यावर वही उघडली.

या सगळ्याच्या आधी, छठीला, आम्हा दोघांना बीरगावचं बोलावणं आलं होतं. इकडे बाळाच्या सहाव्या दिवशी घरच्या पुरुषांची दाढी करायला न्हावी येतो. मी दारात पाऊल टाकलं तर मलाही धरून पाटावर बसवलं, आणि सकाळीच केलेली दाढी पुन्हा झाली. बाळंतिणीसाठी जडीबुटी उकळून केलेलं कांके पानी पाहुण्यांनाही देतात. दीदी दोन वाट्या प्यायल्या. अंगणात बायका सोहर गात होत्या, बाळ झालं की म्हणायची गाणी. सासूने मुलीला उचललं, सगळ्या नातेवाइकांना ओलांडून आली आणि दीदींच्या मांडीवर ठेवलं. मग तिने साऱ्या अंगणाला लोणच्याच्या बरणीची गोष्ट सांगितली. तिच्या सांगण्यात बरणी बरीच मोठी झाली होती. त्या बाईने आतून मला हाक मारली, भैया म्हणून, आणि माझ्या हातावर सुंठीचा लाडू ठेवला. मी तिची माफी मागायची ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार केलं होतं. ती म्हणाली, खाओ पहले. लाडू खाल्ल्यावर मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली आणि दुसरा लाडू दिला.

परतताना दीदी माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या. त्यांची स्कूटर दुरुस्तीला गेली होती. ऊन उतरत होतं, उरल्याच्या रस्त्यावर लोखंडाने भरलेल्या ट्रकांची रांग, धूळ, धूर. मी जपून चालवत होतो. थोड्या वेळाने मागून काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं, त्या मला काही सांगताहेत, म्हणून गाडी हळू केली. त्या गात होत्या. अंगणात ऐकलेलं सोहर, निम्मे शब्द चुकीचे, सूर कुठल्या कुठे. इतक्या वर्षांत त्यांना गुणगुणतानाही मी ऐकलं नव्हतं.

सिग्नलला थांबलो. शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकीतून वाकून खाली पाहिलं. मला संकोच वाटला, त्यांना नाही. पिकल्या केसांवर धूळ बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा हवेत ताल धरतोय. दिवा हिरवा झाला, मागचे सगळे हॉर्न एकदम वाजू लागले, आणि दीदींनी आवाज आणखी चढवला.